अनुभव धागा: विज्ञान शिकलात, मग देवाचं काय केलंत?

भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करत होतो तेव्हा दर मंगळवारी आईला नागपूरच्या टेकडी गणपतीला न्यायचो. आई हात जोडायची, मी टेकडीचा काळा बेसाल्ट न्याहाळायचो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग त्याच्यावर गणपती बसला, त्यात बिघडलं काय?" मी गप्प.

पुढे हिस्लॉप वाचला. ज्याच्या नावाचं आपलं कॉलेज, तो स्कॉटिश मिशनरी. धर्म शिकवायला आला आणि टाकळीकडे जीवाश्म गोळा करत बसला! १८६३ साली नदी ओलांडताना बुडाला बिचारा. त्याला निर्माता आणि खडक दोन्ही पचले. माझी गाडी 'मग निर्मात्याला कोणी केलं?' इथेच अडते. तुमचं कसं चालतं? वाद नको, अनुभव लिहा.

इंदोऱ्याहून
आमच्या घरी हा विषय १४ ऑक्टोबर १९५६ लाच मिटला. आजोबा दीक्षाभूमीवर होते. बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव न मानण्याची. दहावीच्या परीक्षेआधी मित्र टेकडीवर जायचे, मी खाली चपला सांभाळायचो. गणितात त्या सगळ्यांपेक्षा जास्त मार्क मलाच पडले. हे मी अजून पुरावा म्हणून ऐकवतो. बहीण म्हणते, "दादा, नवस फेडणारेही असंच एक उदाहरण धरून बसतात."

महालातून
२४ ऑक्टोबर १९९५, ऐन दिवाळीतलं सूर्यग्रहण. नागपुरात खंडग्रास होतं. आजीने फराळाच्या डब्यांवर तुळशीपत्रं ठेवली. मी शाळेतून आणलेला ग्रहण पाहायचा काळा चष्मा तिला लावला. बराच वेळ पाहिलं तिने. मग पंचांग मागवलं, भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ ताडून पाहिली आणि म्हणाली, "मिनिटावर सांगते ना बे हा, मग राहू कायले पाहिजे?"

मला वाटलं, जिंकलो! ग्रहण सुटल्यावर घरातलं भरलेलं पाणी तिने ओतूनच दिलं. आंघोळ केल्याशिवाय मलाही चकली मिळाली नाही.

आयसीयूतली नर्स
पेशंटच्या उशीखाली अंगारा असतो, कधी ताजबाग दर्ग्याचा धागा. नळीला बांधलेला धागा आम्ही सोडवतो आणि पिशवीत घालून नातेवाइकांच्या हाती देतो. जंतुसंसर्ग नको, एवढंच. विश्व कोणी केलं, हे रात्रपाळीत सुचत नाही. पण सलाईनसाठी शीर सापडत नसली की तोंडातून 'देवा' निघतं. कोणाला म्हणते, ठाऊक नाही.

पुन्हा मी
महालकर, तुमची आजी भारी! पंचांगवाला आणि खगोलवाला एकच आकाश मोजतात, हे तिने एका वाक्यात पकडलं. राहूला मात्र तिने कामावरून काढलं, घरातून नाही.

काल आईला हिस्लॉपची सगळी गोष्ट सांगितली. धर्म, दगड, जीवाश्म, सगळं. तिने एवढंच विचारलं, "पोहता येत नव्हतं का रे त्याला?"