रीफ टँकचं (समुद्री मासे आणि कोरल म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या टाकीचं) पाणी दर आठवड्याला बदलायलाच पाहिजे का?

लातूरकर
2016 ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या गावात बसून "दर आठवड्याला 10 टक्के बदला" हा सल्ला पटत नाही. 200 लिटरच्या टँकला 20 लिटर लागतं. आरओ एका लिटरमागं तीन लिटर सोडून देतो, म्हणजे बोअरचं 80 लिटर गेलं. पदरात काय? माशांच्या घाणीतून साचणारं नायट्रेट 40 चं 36 होतं, आणि आठवड्यात 4 वाढलं की जैसे थे. त्यापेक्षा माशांना खाणं कमी टाका, स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप वेळेवर धुवा, सँपमध्ये (खालच्या जोड-टाकीत) नायट्रेट खाणारं शेवाळ वाढवा.

गोदाकाठ, नांदेड
दादा, हिशोब बरोबर आहे, पण मी नायट्रेटसाठी पाणी बदलतच नाही. बहुतेक जण कॅल्शियम क्लोराइड आणि सोडा डोस करतात. कोरल त्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलतं, सोडियम आणि क्लोराइड पाण्यातच राहतं. खारटपणा वाढला की आपण थोडं पाणी काढून गोडं घालतो. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर पुन्हा समुद्राइतका, म्हणजे 35, दाखवतो, पण त्या 35 मध्ये साधं मीठ जास्त आणि सल्फेट, पोटॅशियम कमी झालेलं असतं. नवीन समुद्री मिठाचं पाणी घातल्याशिवाय हे प्रमाण जागेवर कसं येणार?

लातूरकर
मी सोडा घालतच नाही. टॉप-अपच्या (उडालेलं भरून काढायच्या) पाण्यात चुन्याची निवळी सोडतो, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, पानाच्या चुन्याची नव्हे. पीएच 12 च्या वर असतो, म्हणून रात्री थेंब थेंब. त्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (कोरलला लागणारं कार्बोनेट) दोन्ही मिळतं, मीठ साचत नाही. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडं पाणी इतकं उडतं की निवळी भरपूर जिरते.

संभाजीनगर रीफ
निवळीचं मान्य. पण दोघंही जुने आहात, टेस्ट करता, आकडे वाचता. नवीन माणसाकडं अल्कलिनिटीचं किटसुद्धा नसतं. त्याला महिन्यातून दोनदा पाणी बदलायला सांगणं हेच सुरक्षित. शिवाय मिठाचं पाणी कालवून ड्रममध्ये तयार असतं. रात्री अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) पंपात अडकून पाणी नासलं तर लगेच कामाला येतं.
आणि हात जोडून एक विनंती, काढलेलं पाणी झाडांना घालू नका. 20 लिटरमध्ये 700 ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, कुंडीतली माती खराब होते. आरओनं सोडलेलं पाणी मात्र फरशीला, संडासाला बिनधास्त वापरा.

लातूरकर
नवीन माणसाबद्दल पटलं. पण त्यालाही आधी किट घ्यायला सांगा, मीठ नंतर. मी पाणी बदलायचं सोडा म्हणत नाही, रीडिंग बिघडलं की बदला म्हणतो.

गोदाकाठ, नांदेड
पोटॅशियम किंवा स्ट्रॉन्शियमचं रीडिंग दर आठवड्याला कोण घेतं? अ‍ॅक्रोपोरा या नाजूक कोरलचा रंग उतरल्यावर कळतं, आणि तो परत यायला महिने लागतात. पाणी कमी असेल तर महिन्याला 10 टक्के करा, पण तारीख ठरवूनच करा.

लातूरकर
माझ्याकडं लेदर आणि झोआ ही मऊ अंगाची कोरल आहेत, अ‍ॅक्रोपोरा नाही. अ‍ॅक्रोपोरावाल्यांनी तारीख पाळावी. मी 80 लिटर त्यासाठी घालणार नाही.