मुलगी जिम्नॅस्टिक्स करते, जेवण टाळतेय. आधी कोणाकडे न्यावं?

मुलुंडची_आई: मुलगी १५ ची, रिदमिक जिम्नॅस्टिक्स करते. काही महिन्यांपासून डबा जसाच्या तसा परत यायला लागला, विचारलं की म्हणते क्लासवर खाल्लं. मग एकदम सोमवार धरला, मग शनिवार, चतुर्थी तर आहेच, सासूबाई खूश की नात देवभोळी निघाली. उपवासाची खिचडी केली तर तीपण नको, नुसतं ताक, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. पाळी चार महिने आलेली नाही. स्पर्धा जवळ आली की रात्री दीड-दोनला किचनमध्ये डब्यांचा आवाज आणि मग बाथरूमचा नळ बराच वेळ चालू. क्लासमध्ये सगळ्यांसमोर वजन करून आकडा मोठ्याने वाचतात. क्लास सोडवू का? डायटिशियन आधी की सायकॉलॉजिस्ट?

पक्या_डोंबिवली: या वयात सगळ्या मुलींचं असंच असतं ओ, साजूक तूप वाढा.

रिबनवाली: पक्या, तूप तुम्हीच खा. ताई, दुर्लक्ष करू नका. मी ९ वर्षं जिम्नॅस्टिक्स केलंय. मार्क जजच्या हातात, मूड सरांच्या हातात, दहावी डोक्यावर, फक्त भूक तेवढी माझ्या ताब्यात वाटायची, म्हणून टेन्शन आलं की जेवण बंद. १७ व्या वर्षी नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं तेव्हा घरी कळलं. आणि "किती बारीक झालीस" असं कौतुकानेसुद्धा कोणाला म्हणू देऊ नका, मला त्यानेच चेव यायचा.

फिजिओ_दादर: याला रेड-एस म्हणतात, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये हे नाव दिलं. सरावाला लागते तेवढी एनर्जी पोटात जात नाही, मग शरीर काटकसर करतं, पाळी थांबवतं, हाडं कमकुवत होतात, आणि हाडं भरायचं हेच वय. "प्रॅक्टिसमुळे पाळी चुकते" म्हणून सोडून देऊ नका, तीन महिने झाले की दाखवायचंच. पण उलटीचा संशय असेल तर आधी फिजिशियन, याच आठवड्यात, कारण उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. ईसीजी, रक्त तपासून घ्या. सोबत खाण्याच्या आजारांचा अनुभव असलेला सायकॉलॉजिस्ट किंवा सायकिअ‍ॅट्रिस्ट, डायटिशियन त्यांच्याबरोबर, एकटी नको. सराव थांबवायचा का ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही शिक्षा म्हणून नाही. सायन हॉस्पिटलला सायकिअ‍ॅट्रीची ओपीडी आहे, तुम्हाला लोकल सोपी. रात्री काही वाटलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. चक्कर येऊन पडली तर मात्र थेट कॅज्युअल्टी.

मुलुंडची_आई: काल बोलले तिच्याशी, वजनाचा विषय न काढता. आधी चिडली, मग तासभर रडली, उलटीचं स्वतःच सांगितलं. सरांना मेसेज टाकलाय की हिचं वजन करायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, तिचे सोमवार मी धरते, देवाला मी समजावते. उद्याच नेतेय सायनला, केसपेपरला किती वाजता उभं राहू?

रिबनवाली: जमेल तेवढं लवकर, लाईनीतच वेळ जातो. मुलीला बसवून तुम्ही उभ्या राहा.