मदत हवी आहे: लिथियम-६ वाटेतच फुटतं, मग फ्यूजन (दोन केंद्रकं एक होणं) कमी होतं की वाढतं?

नमस्कार मंडळी. एमएस्सी भौतिकशास्त्र, दुसरं वर्ष, मुक्काम ऐरोली. आठ दिवस एकाच आलेखापाशी अडलेय.

प्रोजेक्ट आहे बिस्मथ-२०९ वर लिथियम-६ चा मारा. लिथियम-६ म्हणजे अल्फा (हेलियमचं केंद्रक) आणि ड्यूटेरॉन (जड हायड्रोजनचं केंद्रक) यांची सैल मोट, १.४७ एमईव्ही (केंद्रकीय ऊर्जेचं एकक) मिळाले की सुटते. (एरवी केंद्रकातून एक न्यूट्रॉन काढायलाच ८ च्या आसपास लागतात.) ब्रेकअप, म्हणजे हे फुटणं, न धरता कपल्ड-चॅनेल गणित (टक्करीत केंद्रकं उत्तेजित होतात तेही जोडून घेणारं) केलं. कूलोम बॅरियरच्या (दोन धनभारित केंद्रकांना दूर ठेवणाऱ्या ऊर्जेच्या भिंतीच्या) वर, म्हणजे साधारण ३० एमईव्हीच्या पुढे, फ्यूजनची प्रसिद्ध झालेली मोजमापं माझ्या रेषेखाली जवळजवळ एक तृतीयांशाने पडतात. बॅरियरखाली मात्र एकाच बॅरियरच्या साध्या गणितापेक्षा जास्त!

मला वाटलं पोटेन्शियल (केंद्रकांमधल्या बलाचं गणितातलं रूप) चुकलं. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्या आकडे बदलून पाहिले. वर जुळवलं की खाली बिघडतं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "पोटेन्शियलला हात लावू नकोस. काय मोजलंय ते आधी बघ." नुसता अल्फा आत शिरला तर ते फ्यूजन धरायचं का? आणि फुटणं मारक असेल तर खाली वाढ कुठून आली?

प्रतिसाद: मॅडमचं बरोबर आहे. तुम्ही रेषेशी ताडून पाहताय ते पूर्ण फ्यूजन, म्हणजे अख्खं लिथियम आत शिरतं ते; त्यातून रेडॉन बनतो. नुसता अल्फा शिरला तर ॲस्टेटाइन, नुसता ड्यूटेरॉन शिरला तर पोलोनियम. हे अपूर्ण फ्यूजन. अल्फा-क्षयाची ऊर्जा आणि अर्धायुष्य यांवरून ती वेगळी ओळखतात. सगळ्यांची बेरीज करा, तुमच्या रेषेच्या बरीच जवळ येईल.

बॅरियरखालची वाढ कपलिंगमुळे, म्हणजे त्या उत्तेजित अवस्थांशी जोडणीमुळे. एका बॅरियरचे अनेक होतात, त्यांतले काही खुजे असतात.

शिवाय प्रत्येक फुटणं घातक नसतं. २.१८ एमईव्हीच्या उत्तेजित अवस्थेत गेलेलं लिथियम-६ फुटायला इतका वेळ घेतं की तोवर टक्कर उरकून ते परत निघालेलं असतं. नुकसान करतं ते बिस्मथकडे जाता जाता, चटकन फुटणारं.

धागाकर्ती: अरे देवा. पोलोनियमचा रकाना मी "आपल्या कामाचा नाही" म्हणून काढूनच टाकला होता! आज रात्री बेरीज करते.

प्रतिसाद: कच्चे आकडे असतील तर जपून. ॲस्टेटाइन-२११ पैकी निम्म्याहून जास्त पुढे पोलोनियम-२११ होतं. तेच दोनदा मोजाल.