टीडी हाताशी आहे, पण कायदा करताना ऐकतो कुणाचं?

डब्लिनकर (धागाकर्ता)
युरोपात मतदार आणि लोकप्रतिनिधी दुरावलेत म्हटलं की सगळे ब्रुसेल्सकडे, म्हणजे युरोपीय संघाकडे, बोट दाखवतात. मला जास्त कोड्यात टाकतं ते आयर्लंड. इथला खासदार, म्हणजे टीडी, हाताशी असतो. एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून येतात, तेही पसंतीक्रमाने. त्यामुळे त्याला खरी धास्ती असते स्वपक्षातल्याच दुसऱ्या उमेदवाराची. म्हणून ते 'क्लिनिक', म्हणजे मतदारांची गाऱ्हाणी ऐकायच्या बैठका, भरवतात: कुणाचं मोफत उपचारांचं मेडिकल कार्ड अडलंय, कुणाला कौन्सिलचं घर हवंय, कुठे रस्त्यावरचा दिवा बंद आहे.

आणि तरी ८ मार्च २०२४ चं सार्वमत बघा. १९३७ च्या राज्यघटनेतलं आईच्या घरातल्या कर्तव्यांचं कलम काढून तिथे कुटुंबातल्या शुश्रूषेबद्दल नवं कलम घालायचं होतं. सत्तेतले तिन्ही पक्ष, विरोधातले शिन फेन, लेबर, सगळे 'हो'च्या बाजूला. विरोधात आंटूसारखे छोटे पक्ष आणि काही अपक्ष. निकाल: ७३.९ टक्के 'नाही', ३९ पैकी ३९ मतदारसंघांत! सोबतची कुटुंबाच्या व्याख्येची दुरुस्तीही ६७.७ टक्क्यांनी आपटली. (पंतप्रधान होते लिओ वराडकर, मूळ आपल्या मालवणातल्या वराडचे.)

दिवा लावून देणारा टीडी कायद्याच्या वेळी व्हिपकडे, म्हणजे पक्षादेशाकडे, बघतो. दरी आहे ती तिथे.

शंकेखोर
असहमत. संसद चुकली, लोकांनी कान धरला, विषय संपला. याला दुरावा कसला म्हणता? शिवाय मतदान जेमतेम ४४ टक्के. कुटुंबाच्या व्याख्येत घालायचे 'टिकाऊ नातेसंबंध' म्हणजे काय ते मंत्र्यांनाच धड सांगता येत नव्हतं, मग लोक 'नाही'च म्हणणार. त्याच वर्षी नोव्हेंबरातल्या निवडणुकीत सत्तेतलेच फिअना फॉल ४८, फिन गेल ३८ जागा घेऊन पुन्हा सत्तेत. लोक एवढे चिडले होते तर त्यांना घरी का नाही बसवलं?

डब्लिनकर
त्या निवडणुकीत मतदान ६० टक्क्यांच्या आत होतं, तेही जमेस धरा. आणि शब्दरचना काही आकाशातून पडली नव्हती. ९९ सामान्य नागरिकांच्या सभेने २०२१ मध्ये शिफारस केली होती की शुश्रूषेला आधार देण्याची जबाबदारी सरकारवर टाका, घरातल्या आणि समाजातल्याही. सरकारने ते पातळ करून 'प्रयत्नशील राहील' एवढंच ठेवलं, तेही कुटुंबापुरतं. अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे कार्यकर्ते चिडले ते यावर: सगळा भार घरच्यांवरच ढकलताय! क्लिनिकमध्ये रोज अशीच माणसं येतात. त्यांचं गाऱ्हाणं ऐकून घ्यायचं आणि मसुद्यात मात्र पानं पुसायची?

अनुराधा_पी
मला उलटी भीती वाटते. मतदाराच्या कलाने चालणारा टीडी फार भित्रा होतो. १९८३ मध्ये ६७ टक्क्यांनी गर्भपातबंदी घटनेत घातली. पुढे समाज बदलत गेला, पण पुढाऱ्यांना ते कलम म्हणजे निखारा. ते जायला २०१८ उजाडलं, आणि ६६.४ टक्क्यांनी गेलं. तेव्हा पुढारी मागे होते, लोक पुढे. २०२४ मध्ये पुढाऱ्यांना वाटलं आपण पुढे आहोत, तर लोक सोबतच नव्हते. व्हिप काढलात तरी हा अंदाज कसा सुधारणार?

जुनाजाणता
आयर्लंडचं रडगाणं पुरे, शेजारी बघा. ब्रिटनमध्ये २०२४ ला लेबरला ३३.७ टक्के मतं आणि ६५० पैकी ४११ जागा. रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्के, जागा पाच! त्यांचं राजकारण मला बिलकूल पटत नाही, पण मत वाया गेलेला मतदार चिडणारच. आयरिश माणसाचं तिसऱ्या पसंतीचं मतसुद्धा कामी येतं.

शंकेखोर
हेच म्हणतोय मी. पद्धत चांगली असेल तर राग मतपेटीतून निघतो.

डब्लिनकर
निघतो खरा. ऑक्टोबर २०२५ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक घ्या. उमेदवारीला एकतर संसदेच्या दोन्ही सभागृहांतल्या २० सदस्यांच्या सह्या लागतात, नाहीतर चार स्थानिक कौन्सिलांचा पाठिंबा. परंपरावादी मारिया स्टीन यांना मिळाल्या १८. मतपत्रिकेवर तीनच नावं उरली, त्यातल्या एकाने आधीच माघार घेतलेली. कॅथरीन कॉनॉली ६३ टक्क्यांनी जिंकल्या, ते ठीक. पण सुमारे २ लाख १३ हजार मतपत्रिका बाद ठरल्या, म्हणजे जवळजवळ १३ टक्के. कितीतरी जणांनी रांगेत उभं राहून मुद्दाम मत बाद केलं. हा राग कुठल्या टीडीच्या क्लिनिकमध्ये नोंदवायचा, तेवढं सांगा.