लहानपणी नकोसं वाटलेलं घरकाम: पुढे त्याचं काय झालं?

मुलुंडची आई
लेक १२ वर्षांची आहे. कामवाल्या मावशी आठवडाभर गावी गेल्यात म्हणून रात्रीची भांडी तिला सांगितली. घासली, पण रडत रडत. सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा पोरीला कशाला जुंपतेस?" मी स्वतः लहानपणी कधी भांड्यांना हात लावला नाही, त्यामुळे काय बरोबर ते कळत नाही. तुम्हाला कुठल्या कामाचा मनापासून तिटकारा होता? त्याचा पुढे उपयोग झाला, की नुसता त्रासच लक्षात राहिला?

विक्रोळीकर
माझ्याकडे रॉकेल आणायचं काम. रेशन दुकानाबाहेर डबा घेऊन दोन-दोन तास रांग. हाताचा वास आंघोळीनंतरही जायचा नाही. आजही भात अर्धवट शिजला की गॅस बंद करतो, बाकीचा वाफेवर होऊ देतो.

लालबागची
ताई, माझी आई लालबागच्या चाळीत खानावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली आणि जेवायला १४ जण, सगळे गिरणीतले. कोकणातले, साताऱ्याकडचे, बायकामुलं गावी. त्यांची ताटं घासणं माझ्याकडे. मी १० वर्षांची. मोरीत उकिडवं बसायचं, राख आणि काथ्या घ्यायचा. बोंबलाच्या कालवणाचा दिवस मला नको व्हायचा. ताटाच्या कडेला काटे, चावून टाकलेली शेवग्याची शेंग, भिजलेला भात. दुसऱ्याचं उष्टं हाताने सारायची इतकी किळस यायची की मी श्वास रोखून घासायचे. आई म्हणायची, "आधी ताट बघ, मग घास." कोणाच्या ताटात काय राहिलं ते तिला रोज सांगावं लागे. भाकरी राहिली, तर भाकरी बिघडली की माणसाला ताप आहे, हे तिला हवं असायचं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुरुवातीला पैसे येत राहिले. मग ताटं वेगळी दिसू लागली. काटे चोखून पांढरे, कालवणाचा थेंब नाही. उन्हाळ्यापर्यंत घासायला काही उरतच नसे. एक काका तर ताट स्वतःच धुऊन द्यायचे, कारण महिन्याचे पैसे द्यायला जमत नव्हते. आईला मी ते सांगितलं. ती काही बोलली नाही, दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ताटात एक भाकरी जास्त. खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं. आईने धान्यासाठी तिथूनच कर्ज घेतलेलं, तोही हप्ता तिने चुकवला नाही. हळूहळू एकेक जण गावाला गेला. १४ ची ५ ताटं झाली. माझं काम हलकं झालं आणि मला रडू आलं.

पुढे मी नर्स झाले, ३० वर्षं वॉर्डात काढली. जेवणाची ताटं परत जाताना मी थांबवून बघायचे. "जेवले" म्हणणाऱ्या बाईची चपाती तशीच असायची आणि दात दुखतोय हे तिने डॉक्टरांना सांगितलेलं नसायचं.

गिरगावातली
आमच्याकडे भांडी मला, भाऊ गॅलरीत कॅरम खेळायला मोकळा. मला त्या कामाने फक्त चिडायला शिकवलं. घरात मुलगा असेल तर त्यालाही द्या, नाहीतर मुलीला देऊ नका.

लालबागची
अगदी खरं. माझा भाऊ पहाटे साडेचारला नळावर हंडे घेऊन उभा असायचा, म्हणून मला कधी अन्याय वाटला नाही. आणि मुलुंडच्या ताई, तिला रडू नेमकं कशाचं येतं ते विचारा. मला भांड्यांचं काही नव्हतं, खरकट्याचं होतं. आईने शेवटी ते सारायला एक जुनं उलथनं दिलं, तेव्हापासून श्वास रोखायचे थांबले.

मुलुंडची आई
विचारलं. सिंकच्या जाळीत अडकलेलं हाताने काढायचं, त्याची किळस येते म्हणाली. आज जाळी मी काढली, भांडी तिने घासली आणि धाकट्याला पुसायला बसवलं. सासूबाई शेजारी खुर्ची घेऊन बसल्या होत्या, कुठलं भांडं कुठे ठेवायचं ते त्याला सांगत.