मदत हवी आहे : आजोबांच्या गदेवरचा ‘खान्देश केसरी’

घरात आजोबांची चांदीची गदा आहे. तिच्यावर ‘खान्देश केसरी’ आणि साल कोरलंय, पण शेवटचा आकडा घासलाय. १९६७ की १९६९, भिंगातूनही कळेना. आजोबा हयात नाहीत. तालुक्याच्या वाचनालयातले जुने अंक चाळले, निकाल सापडला नाही.

‘महाराष्ट्र केसरी’ची यादी नकोय. तो किताब १९६१ पासूनचा, त्यात आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींनी २०१४ ते २०१६ सलग तीनदा बाजी मारली, हे कोणीही सांगेल. पण असे भागाचे ‘केसरी’ किताब यात्रेच्या फडातही लागतात, तिथेच घोळ आहे.

गदा विकायची नाही, भाव सांगू नका. त्या काळात धुळे-जळगावकडे ‘खान्देश केसरी’च्या कुस्त्या कोण भरवायचं आणि विजेत्यांची वही कुठल्या तालमीत जपलीय का?