अनुभव धागा : विश्वास घरात कुठे भेटला?

जय ख्रिस्त मंडळी.

उपदेश आपण दर रविवारी ऐकतो, तो इथे नको. इथे घरातलं हवंय. येशूने आपले दाखले (बोधकथा) घेतले ते तरी कुठून? बाई पिठात खमीर कालवते. दुसरी दिवा लावून घर झाडते, हरवलेलं नाणं शोधते. जुन्या कपड्याला नव्या कापडाचं ठिगळ लावायचं नसतं, हे त्याला माहीत होतं, म्हणजे घरात कुणाला तरी शिवताना बघितलं असणार. लूकच्या अकराव्या अध्यायात मध्यरात्री मित्र भाकरी मागायला येतो आणि आतला गृहस्थ म्हणतो, दार लावलंय, पोरं निजलीत, त्रास देऊ नको. हे वाचताना मला कायम आमची चाळ आठवते.

अट एकच. आधी काय घडलं ते लिहा. वचन आठवलं तर मागाहून, नाही आठवलं तरी चालेल. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल, सगळे या, फक्त बाप्तिस्मा शिंपडून की बुडवून हा वाद आणू नका. घरच्यांची नावं नकोत. आणि 'आमचं घर म्हणजे स्वर्गच' छापाचं काही नको, ते नाताळच्या कार्डावर ठीक असतं.

राहुरीकडची सून

भुईमूग उपटला की रानात शेंगा राहतातच, जमीन आवळलेली असली तर जास्तच. सासूबाईंचा नियम होता : काढणी झाली की आपल्या घरातलं कुणी त्या रानात परत पाऊल टाकायचं नाही. मग वस्तीवरच्या बाया आणि पोरं सरवा वेचायला यायची. माझ्या माहेरी आम्ही शेवटची शेंगसुद्धा सोडत नसू, त्यामुळे मला हे उधळेपण वाटायचं.

सासूबाईंना बायबलमधलं लेवीय १९ पाठ नव्हतं. शेताचे कानेकोपरे कापू नका, सरवा गरिबाला आणि परक्याला राहू द्या, असं तिथे आहे, हे मी त्यांना वाचून दाखवलं. रूथची गोष्ट मात्र त्यांना तोंडपाठ : परक्या देशातली विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचते, आणि पुढे त्यांच्याच वंशात दावीद राजा येतो. "रूथबाई बवाजाच्या रानात गेली नसती तर दावीद राजा कुठून येणार होता?" सासरे तिरके होते. म्हणायचे, "आपल्या रानातून दावीद निघायचा नाही, शेंगाच जायच्या." त्यावर त्या म्हणायच्या, "जाऊ द्या की मग."

आता सासूबाई नाहीत आणि गहू हार्वेस्टरने निघतो. मशीनसुद्धा ओंब्या सोडतं. पण रोटाव्हेटरवाला गावात आला की त्याच खेपेला रान करून घ्यावं लागतं, पुन्हा तो कधी येईल त्याचा भरवसा नाही. ह्यावरून आमच्यात दर साली वाजतं. यांचं म्हणणंही खोटं नाही, बवाजाला ट्रॅक्टरवाल्याची वेळ सांभाळायची नव्हती. मग तोडगा निघाला : बांधाकडचा पट्टा सगळ्यात शेवटी फिरवायचा. बायांना ते कळलंय. आता त्या आधी बांधाकडेच येतात, आणि आमच्या आधी त्यांना ट्रॅक्टरची वेळ ठाऊक असते.

केडगाव ते कोथरूड

मुलाला शाळेतून वंशवृक्ष करायला सांगितला. जितक्या पिढ्या सापडतील तितक्या. वर्गातल्या एकाने म्हणे पेशवाईपर्यंत नेला. आमच्याकडे बाबांच्या आजीपाशी झाड संपतं. ती केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी ज्या मुली आणल्या त्यांतली ती एक, गुजरातकडची. आईबापांची नावं तिला आठवत नव्हती. गाव आठवत नव्हतं. जन्मतारीख तर नाहीच.

मुलगा म्हणाला, इथे मी काय लिहू? मी म्हटलं, रिकामं सोड. त्याला ते पटेना, कारण रिकामी चौकट दिसायला वाईट दिसते.

बाबा खुर्चीत ऐकत होते. त्यांनी पवित्र शास्त्र मागितलं आणि मत्तयचा पहिला अध्याय काढला, येशूची वंशावळ. तुम्हाला माहीत आहे तो भाग, अमक्याला तमका झाला, ज्यावरून आपण सगळे डोळे फिरवत पुढे जातो. बाबांनी तो आख्खा वाचला. आणि जिथे बायका येतात तिथे थांबले. तामार. राहाब. रूथ. मग उरीयाची बायको, जिचं नावसुद्धा मत्तयने घातलेलं नाही. पहिल्या तिघी बहुधा परक्या लोकांतल्या, चौथीचा नवरा हित्ती. यांतल्या तिघींच्या हकिकती संडे स्कूलमध्ये सांगताना शिक्षक घाम पुसतात. बाबा मुलाला म्हणाले, "देवाच्या पोराचा वंशवृक्ष बघ. कुणी झाकलंय का काही?"

मग ते आजीबद्दल बोलू लागले. मला ह्यातलं निम्मंही माहीत नव्हतं. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल करत होत्या, आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात मुली छापत. आजी तिथे छपाईचे, अक्षरांचे खिळे जुळवायची. त्यामुळे म्हातारपणी तिला उलटी अक्षरं सरळ अक्षरांइतकीच भराभर वाचता यायची, समोर बसून बाबांच्या पाटीवरच्या चुका काढायची. ताटात एक शीत राहिलेलं तिला चालत नसे. रागावून नव्हे, ती नुसती बघत बसायची, आणि मग कोण टाकणार?

मुलाने चौकट रिकामी ठेवली नाही. तिथे त्याने लिहिलं, 'दुष्काळ', आणि खाली बारीक अक्षरात 'मुक्ती, केडगाव'. बाई काय म्हणाल्या विचारलं तर "राइट केलं" एवढंच म्हणाला.

माझगावचा

मी जरा वेगळं बोलतो, चालेल ना? आमच्या घरी प्रत्येक गोष्टीचा धडा व्हायचा. लाइट गेली की 'जगाचा प्रकाश'. नळाला पाणी आलं नाही की 'जिवंत पाणी'. मांजर हरवली तर नव्याण्णव मेंढरं. पप्पा मनापासून करायचे, पण आम्ही पोरं शेवटी त्यांना काही सांगेनासे झालो. बोर्डात मार्क कमी पडले तेव्हा मी बहिणीला सांगितलं, पप्पांना नाही, कारण संकटं सोसणाऱ्या ईयोबाचा धडा येणार हे मला माहीत होतं.

येशू दाखले सांगायचा, कबूल. पण त्याचा मित्र लाजार मेला तेव्हा कबरेपाशी त्याने दाखला सांगितला नाही. तो रडला. ते वाक्य योहानात आहे आणि ते अगदी छोटं आहे.

धागाकर्ती

माझगावकर, चालेल काय, हवंच होतं. मी स्वतः संडे स्कूल शिकवते आणि मांजर हरवली की मेंढरं आणायचा मोह मलाही झाला असता. पुढच्यांनी हे वाचून मग लिहावं.

धाकटा, जालना जिल्हा

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याचा विधी. आधी पाळकसाहेब करिंथकरांच्या पत्रातलं वाचतात, की माणसाने स्वतःला पारखावं आणि मगच भाकर खावी, प्याला प्यावा. वडील ते ऐकायचे आणि बाकावर बसून राहायचे. आई पुढे जायची, आम्ही मोठे झाल्यावर आम्हीही गेलो. ते नाही. चर्चची वर्गणी वेळेवर, नाताळात रंगकाम त्यांच्याकडे, पण प्रभुभोजन नाही.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. काका पलीकडच्या रांगेत बसायचे. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बोलणं तुटलं होतं. काका मात्र दर महिन्याला पुढे जायचे आणि परत येताना आमच्या बाकाकडे बघायचे नाहीत. लहानपणी मला वाटायचं, वडील हरले. एकदा आईला विचारलंही, चूक काकांची आहे ना, मग हे का बसून राहतात? आई म्हणाली, "अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाकडे जा, असं लिहिलंय. चूक कुणाची ते तिथे लिहिलेलं नाही." तिला मत्तयचा पाचवा अध्याय असा, कामापुरता, यायचा.

पाच-सहा वर्षं असं चाललं असेल. एका पहिल्या रविवारी ते उठले आणि रांगेत उभे राहिले. आम्ही कुणी काही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभाऊ फवारणीचा पंप मागायला आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वडील म्हणाले, "नोझल जरा गळतं, बघून घे."

आदल्या शनिवारी रात्री ते कुठे गेले होते हे मला खूप नंतर काकूकडून कळलं. काय बोलणं झालं ते तिनेही सांगितलं नाही. विहिरीची पाळी अजून काकांच्या सोयीचीच आहे.

वसईवाडी

आमच्याकडे संध्याकाळची रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना. मालिका असो, क्रिकेट असो. आजी तिच्यातल्या पाच रहस्यांतलं (येशू-मरीयेच्या आयुष्यातल्या प्रसंगांतलं) प्रत्येक कुणाच्या तरी नावाने वाहायची, आणि ती नावं ऐकणं हाच आम्हा मुलांचा कार्यक्रम. आजारी माणसं, परीक्षेवाले, आखातात गेलेले. मग एखाद्या दिवशी अचानक : "आपल्या विहिरीचं पाणी ओढणाऱ्या टँकरवाल्यांसाठी." तेव्हा वसईत टँकरमुळे विहिरी आटत होत्या आणि हरित वसईची चळवळ जोरात होती. आजोबा मोर्च्याला जाऊन आलेले. ते मणी थांबवून म्हणाले, "त्यांच्यासाठी काय मागतेस?" आजी म्हणाली, "ते मी बघते. तुम्ही मोर्चा बघा." दोघांनी आपापलं काम केलं असं मी मानतो.

२००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची रहस्यं वाढवली, तेव्हा आजीने आधी नाक मुरडलं होतं. मग गुरुवारच्या ह्या नव्या रहस्यांना तिला नवी माणसं सापडली आणि ती खूश झाली.

दुसऱ्या घरची, पुणे

मी जन्माने हिंदू, लग्न ख्रिस्ती घरात. माझ्या आईला भीती होती की मला लगेच बाप्तिस्मा घ्यायला लावतील. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, जेवणाआधी आम्ही प्रार्थना करतो, तू बस किंवा बसू नको, पण भाजी गार होईल इतकी लांब आम्ही करत नाही. एवढीच माझी दीक्षा.

माझ्या बाळकृष्णासाठी जागा त्यांनीच दिली, स्वयंपाकघरातल्या फळीवर. त्यांच्या मंडळीतल्या एक बाई नाराज झाल्या. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "नारायणराव टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षं देवाला धीर होता, तुम्हाला नाही?" मी अजूनही बाप्तिस्मा घेतलेला नाही आणि घेईनच असंही नाही. पण गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर बोलणं चालतं तेव्हा मी सासूबाईंच्या शेजारी बसते. 'ही तुझी आई' हा उद्गार आला की त्या माझा हात दाबतात, आणि मग पुढची चौघं झोपलीयत का ते बघतात.

सोलापूरची मार्था

टोपणनाव मुद्दाम घेतलंय. आमच्या मंडळीत मार्था आणि मरीयेवर वर्षातून एकदा तरी उपदेश होतोच. येशू घरी आला तेव्हा मार्था कामात गुंतली, बहीण मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली, आणि मरीयेने चांगला वाटा निवडला असं तो म्हणाला. ठीक. उपदेश संपला की पाळकसाहेब आणि पाहुणे जेवायला कुणाकडे? आमच्याकडे. मटण सकाळी सहाला चढवलेलं असतं, भाकऱ्या मी चर्चमधून आल्यावर थापते, आणि शेंगा चटणी "आणखी थोडी" हवी असते. पहिल्या पंगतीला मरीया एकजात पुरुष.

एकदा मी चिडून बायबल घेऊन बसले, की ह्या बाईचं पुढे काय झालं ते तरी बघू. योहान ११ मध्ये भाऊ मेल्यावर येशूला सामोरी जाते ती मार्था, मरीया घरात बसलेली असते. आणि 'तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस' असं तोंडाने म्हणते तीही मार्थाच. पेत्र असंच बोलला तर त्याला केवढा मान! पुढे योहान १२ उघडा : पुन्हा मेजवानी आहे आणि मार्था वाढतेय. ह्या खेपेला येशू तिला काही बोलत नाही. तीही कुरकुर करत नाही, म्हणजे बहीण कामाला लागली असेल किंवा हिने नाद सोडला असेल.

हे मी पुढच्या जेवणाला पाळकसाहेबांना वाढता वाढता सांगितलं. त्यांनी भाकरी मोडायची थांबवली. म्हणाले, "मडम, हे पुढच्या रविवारी तुम्हीच पुलपिटावरून सांगा." मी म्हटलं, सांगेन, पण त्या दिवशी जेवण कोण करणार ते आधी ठरवा. यजमानांनी खाकरून मुलाकडे पाहिलं, मुलाने मोबाइलकडे. शेवटी तरुण संघाने पुलाव करायचं अंगावर घेतलं. मीठ जास्त झालं होतं. मी दोनदा घेतला.